अट वाचता यावी म्हणून

खरिपात लातूर आणि नांदेडच्या सोयाबीन पट्ट्यात एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, तो म्हणजे ६५. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस भरला, की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे सरकारदरबारी धरले जाते. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला शिवारात उतरतात (या पदांची नावे अलीकडे कागदोपत्री बदलली, लोकांच्या तोंडची बदललेली नाहीत). नुकसान ३३ टक्क्यांचे आहे का हे ते पाहतात, बाधित क्षेत्र लिहून घेतात. यादी तहसीलला जाते, संगणकात चढते आणि शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रावर ई-केवायसी करायची आणि आधार जोडलेल्या खात्यात पैसे पडायची वाट पाहायची. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात आणि पुढे सप्टेंबरात सबंध मराठवाड्यात पाण्याने जो कहर केला, त्यानंतर हा सगळा क्रम गावोगाव लोकांना पाठ झाला आहे.

या क्रमातली प्रत्येक पायरी म्हणजे एक अट आहे. मंडळ बसते का, नुकसान बसते का, क्षेत्र मर्यादेत आहे का, नाव आणि खाते जुळते का. पूर्वी अट तपासणारा माणूस समोर खुर्चीत बसलेला असे. त्याच्याशी हुज्जत घालता येई, फार तर वरच्या साहेबाकडे जाता येई. आता नाव पुढे सरकते की अडकते हे ठरवण्यात प्रोग्रामचा वाटा मोठा आहे, आणि प्रोग्रामशी हुज्जत घालता येत नाही. म्हणूनच प्रोग्राममधली अट नीट, स्वच्छ, ठरलेल्या शिस्तीत लिहिणे हा मला केवळ संगणकवाल्यांच्या आवडीनिवडीचा विषय वाटत नाही. संगणकाला अट समजावून सांगावी लागत नाही; तो गुंतागुंतीची अटही मुकाट्याने पाळतो. समजून घ्यायची गरज माणसाला असते. उद्या तोच प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामरला, हिशेब तपासणाऱ्या लेखापरीक्षकाला, आणि शेवटी ज्याचे नाव यादीतून गळले त्याला. ज्याला अट वाचता येत नाही, त्याला ती चुकली असे म्हणताही येत नाही.

आधी ६५ वरच थोडे थांबू. ‘पासष्टपेक्षा जास्त’ आणि ‘पासष्ट किंवा जास्त’ ही दोन्ही रूपे बातम्यांत सर्रास छापून येतात आणि बोलताना कोणाला त्यात फरक वाटत नाही. प्रोग्राममध्ये मात्र त्यांची चिन्हे वेगळी आहेत, आणि ज्या मंडळात बरोबर ६५.० मिलिमीटर नोंद झाली त्याचा निकाल त्या एका चिन्हावर लागतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत जोरदार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो. म्हणजे ६४.७ मिलिमीटर पाऊस हवामान विभागाच्या लेखी जोरदार ठरला तरी मंडळाच्या लेखी अतिवृष्टी नव्हे. कोणी प्रोग्रामरने साठवताना आकडा जवळच्या पूर्णांकात बसवला, तर ६४.७ चे ६५ होतील आणि निकाल उलटा लागेल. चोवीस तास कुठून कुठवर मोजायचे हेही असेच. हवामान विभागाची पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी असते. सकाळी सहा ते अकरा असा एकसारख्या जोराने ७० मिलिमीटर पाऊस कोसळला तर तो दोन तारखांत वाटला जातो आणि एकही तारीख ६५ गाठत नाही. २०२३ मध्ये राज्याने सततचा पाऊसही आपत्तीत धरला. त्यातली एक अट सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पावसाची आहे. तिसऱ्या दिवशी ९.८ भरला तर मोजणी पुन्हा शून्यापासून करायची का? उत्तर काहीही असो, ते कोणाच्या तरी बोटांनी कळफलकावर टंकले जाते, आणि ते कुठे टंकले आहे हे दुसऱ्याला पटकन सापडले पाहिजे.

आता या दोन आपत्ती एका वाक्यात आणून पाहू. ‘अतिवृष्टी किंवा सततचा पाऊस आणि ३३ टक्के नुकसान असेल तर मदत द्या.’ मराठी वाचकाला यात काही खटकणार नाही. पाऊस दोहोंपैकी कोणताही चालेल, नुकसान मात्र हवेच, असाच अर्थ तो लावील. हेच वाक्य जसेच्या तसे सी, जावा किंवा पायथन भाषेत उतरवले तर संगणक वेगळा अर्थ लावतो. या भाषांत ‘आणि’ची पकड ‘किंवा’पेक्षा घट्ट असते. त्यामुळे ‘सततचा पाऊस आणि नुकसान’ ही एक जोडी बनते आणि ‘अतिवृष्टी’ एकटी बाजूला उरते. परिणाम असा, की अतिवृष्टीच्या मंडळातल्या ज्याच्या रानात पाणी साचलेही नाही तोही पात्र ठरतो. लिनक्सच्या शेलमध्ये याच दोन शब्दांची पकड सारखी असते आणि ते डावीकडून उजवीकडे वाचले जातात, म्हणजे तिथे उत्तर मराठी वाचकाच्या अर्थाशी जुळते. हे नियम कोणी पाठ करून ठेवले तरी उपयोग नाही, कारण पुढच्या वाचकाने ते पाठ केलेत याची हमी कोण देणार? म्हणून कोडलेखनाचे बहुतेक चांगले संकेत सांगतात की संगणकाला कंस नको असला तरी माणसासाठी घाला. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तुकड्यांना नावे देणे:

पाऊस_पात्र = (अतिवृष्टी किंवा सततचा_पाऊस)
नुकसान_पात्र = (नुकसान_टक्के ३३ किंवा अधिक)
जर (पाऊस_पात्र आणि नुकसान_पात्र) तर मदत

ओळी दोन वाढल्या, पण प्रोग्राम न शिकलेल्या तलाठ्यालाही आता सांगता येईल की नियम बरोबर उतरला आहे की नाही.

‘आणि-किंवा’पेक्षा जास्त माणसे ‘नाही’ने बुडवली आहेत. २०२४ च्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतली चारचाकीची अट घ्या. कुटुंबातल्या कोणाच्या नावावर चारचाकी वाहन असेल तर ती महिला अपात्र, मात्र ट्रॅक्टर वगळून. अपात्रतेला अपवाद, आणि तो सांगायलाही पुन्हा नकारच. घाईत लिहिणारा प्रोग्रामर आधी ‘ट्रॅक्टर आहे का’ हे तपासतो आणि असला की ‘पात्र’ म्हणून मोकळा होतो. मग ज्या घरी ट्रॅक्टर आणि जीप दोन्ही उभ्या आहेत ते घरही सुटते. ‘ट्रॅक्टर सोडून इतर चारचाकींची संख्या शून्य आहे का’ असा प्रश्न विचारला की नकार एका जागी येतो आणि जीप लपत नाही. नकार कंसाच्या आत नेताना ‘आणि’चा ‘किंवा’ होतो आणि ‘किंवा’चा ‘आणि’, हा नियम ज्याच्या नावाने शिकवला जातो तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये मदुराईला जन्मला होता. नियम शाळकरी वाटतो, पण त्यावर अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालयही दुभंगले. मार्च २०२४ च्या पल्सिफर खटल्यात प्रश्न होता तो शिक्षेत सवलत देणाऱ्या एका कलमाचा. आरोपीकडे अ, ब ‘आणि’ क नसावे, असे कलम होते. तिन्ही एकत्र नसावेत की एकही नसावे? न्यायाधीशांनी सहाविरुद्ध तीन अशा मतांनी दुसरा, म्हणजे कडक अर्थ लावला. पहिल्या अर्थाने सवलत मिळू शकणाऱ्या हजारो कैद्यांना तो निकाल लागू झाला. कायद्याची भाषा ताडून पाहायला निदान नऊ न्यायाधीश बसले होते. तोच नकार प्रोग्राममध्ये शिरला असता तर त्याचा अर्थ एखाद्याने दुपारच्या जेवणाआधी ठरवून टाकला असता.

मग येतो अटीत अट घालण्याचा प्रकार. मंडळ पात्र असेल तर, त्याच्या आत नुकसान पुरेसे असेल तर, त्याच्या आत क्षेत्र नोंदलेले असेल तर, त्याच्या आत केवायसी झाली असेल तर, आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी ‘मदत द्या’. मग एकामागून एक ‘नाहीतर’ येतात आणि कोणता ‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’चा हे मोजायला बोट लावावे लागते. हा घोळ जुना आहे. १९६० च्या अल्गोल भाषेपासून संगणकशास्त्रात लोंबकळत्या ‘नाहीतर’चा प्रश्न चर्चेत आहे. लिनक्स कर्नलच्या लेखननियमात स्पष्ट बजावले आहे की तीनपेक्षा जास्त पातळ्यांचा समास (ओळ आत सरकवणे) लागत असेल तर प्रोग्रामचीच मांडणी चुकली आहे. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये प्रोग्राममधल्या वेगवेगळ्या वाटा मोजण्याची रीत दिली आणि एका फंक्शनमध्ये दहाच्या आसपास वाटा झाल्या की थांबावे असे सुचवले. यावरचा उपाय फार साधा आहे. नाकारण्याची कारणे आधी, एकेक करून, दाराशीच निकालात काढायची:

जर मंडळ पात्र नसेल: नाकारा, कारण ‘मंडळात अतिवृष्टी किंवा सततच्या पावसाची नोंद नाही’
जर नुकसान ३३ टक्क्यांहून कमी असेल: नाकारा, कारण ‘पंचनाम्यात नुकसान ३३ टक्क्यांहून कमी’
जर केवायसी अपूर्ण असेल: थांबवा, कारण ‘ई-केवायसी बाकी’
मदत = दर × (बाधित क्षेत्र आणि कमाल मर्यादा यांतले कमी ते)

ही मांडणी मला नुसती देखणी वाटत नाही, न्याय्यही वाटते, आणि त्याचे कारण शेवटच्या शब्दांत आहे. प्रत्येक नकाराला त्याचे स्वतःचे कारण चिकटले आहे. तिसरी ओळ तर नकारही देत नाही, थांबवते. ज्याला केवायसी करून परत येता येते त्याला ‘अपात्र’ म्हणणे खोटे आहे. अटीच्या पोटात अटी घातल्या की सगळे नकार एकाच शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये येऊन पडतात आणि पडद्यावर उमटते ते ‘त्रुटी’ एवढेच. सेवा केंद्रावरच्या मुलाला मग काय सांगावे कळत नाही, आणि शेतकरी तहसीलला चकरा मारू लागतो. त्या चकरांचे मूळ शोधत गेले तर पुष्कळदा ते लेखनाच्या शैलीत सापडेल.

शैली म्हणजे रंगरंगोटी, असे मानणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०१४ ची ॲपलची गोष्ट पुरेशी आहे. आयफोन आणि मॅक संगणक सुरक्षित संकेतस्थळाशी बोलताना समोरचा खरा आहे का हे ज्या कोडने तपासत, त्यात एका ‘जर’खाली ‘चूक असेल तर शेवटी उडी मारा’ अशा अर्थाची ओळ होती. तीच ओळ चुकून पाठोपाठ दोनदा उमटली. त्या ‘जर’ला महिरपी कंस घातलेला नव्हता. सी भाषेत कंस नसला तर ‘जर’ची सत्ता फक्त पुढच्या एका ओळीपुरती. दुसरी ओळ समासाने पहिलीच्या रांगेत दिसत होती, पण अटीबाहेर होती, म्हणून ती प्रत्येक वेळी चालायची. सही तपासण्याची खरी पायरी त्या उडीत ओलांडली जायची आणि उत्तर यायचे, सगळे ठीक आहे. डोळ्यांना एक दिसत होते आणि संगणक दुसरेच वाचत होता. ‘प्रत्येक जरला कंस घाला, आतली ओळ एकच असली तरी’ हा अगदी प्राथमिक नियम पाळला असता तर दुसरी ओळही कंसातच पडण्याची शक्यता होती, आणि बाहेर पडली असती तर तपासणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच भरली असती. मोटारगाड्यांतल्या सी कोडसाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली तयार झालेल्या मिस्रा नियमावलीत हा नियम होताच. कागदावर नियम असणे आणि हाताला त्याची सवय असणे यांत अंतर राहते.

आकड्यांना नाव न देण्याची खोडही याच कुळातली. पीक नुकसानीची किमान टक्केवारी २०१५ पर्यंत ५० होती, त्या वर्षी ती ३३ झाली. कोरडवाहू पिकांची मदत हेक्टरी ६,८०० रुपये होती, ती केंद्राच्या २०२२ च्या निकषांत ८,५०० झाली. २०२२ मध्येच राज्याने आपल्या तिजोरीतून १३,६०० दिले आणि दोन हेक्टरची मर्यादा तीनवर नेली. म्हणजे आकडे बदलणारच, दर दोन-चार वर्षांनी, बहुधा ऐन संकटात आणि घाईत. प्रोग्राममध्ये नुसते ‘३३’ किंवा ‘२’ असे दहा ठिकाणी विखुरले असतील तर नऊ बदलतील आणि दहावा राहील. शिवाय नुसत्या २ कडे पाहून ते हेक्टर आहेत, हप्ते आहेत की वर्षे हे कळत नाही. ‘कमाल_हेक्टर’ असे एकदाच, वरती, तारखेसह लिहिले की शासन निर्णय आणि कोड शेजारी ठेवून ताडता येतात. नाव देण्यात एक छुपी परीक्षाही असते. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखाची मर्यादा कुटुंबावर होती. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाखांची, आणि थकबाकी त्याच्या वर गेली तर माणूस योजनेच्याच बाहेर. ‘रक्कम’ या नावाखाली दोन्ही खपून जातात. ‘कुटुंबाची_एकूण_थकबाकी’ असे लिहायला बसलेल्या प्रोग्रामरला आधी विचारावे लागते, कुटुंब म्हणजे कोण?

यावर पहिला आक्षेप हुशार प्रोग्रामरांचाच असतो. समास किती जागांचा, ओळ किती लांब, नाव कसे जोडायचे, असल्या बाबींवर नियम करणे म्हणजे कारकुनी. चांगल्या माणसाला मोकळे सोडा. यात थोडे तथ्य आहे. पायथनच्या लेखनसंकेतांनी, म्हणजे २००१ च्या पेप ८ ने, ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा घातली. ८० का नको, या प्रश्नाला गणिती उत्तर नाही. पण त्याच संकेतांच्या मुळाशी पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांचे एक निरीक्षण आहे: कोड लिहिला जातो त्याहून कितीतरी अधिक वेळा तो वाचला जातो. एखाद्या कार्यालयातली सगळी कागदपत्रे एका वळणाची असली तर वाचणाऱ्याचे लक्ष वळणावर खर्च होत नाही, मजकुरावर जाते. आणि जिथे मजकूर वेगळा आहे तिथे ते चटकन अडकते. वेळेचा आक्षेपही याच प्रकारचा. आज वाचवलेली दहा मिनिटे पुढच्या वाचकाच्या दिवसांतून वसूल होतात, आणि नांदेड-लातूरच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. इथल्या महाविद्यालयांतून निघून पुण्या-हैदराबादला जाणाऱ्यांतल्या कितीतरी जणांच्या नोकरीची सुरुवात दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड उकलण्यापासून होते.

दुसरा आक्षेप नवा आहे. समास-कंस लावायला आता साधने आहेत, एक बटण दाबले की सबंध फाइल सुतासारखी सरळ होते, शिवाय यंत्रच कोड लिहून देते. मग माणसाने शिस्त कशाला शिकायची? साधने जरूर वापरावीत. पण ‘अतिवृष्टी किंवा सततचा पाऊस आणि नुकसान’ ही ओळ साधन सुबक समासात बसवील आणि चुकीचीच ठेवील. कंस कुठे हवा हे नियमाच्या हेतूवरून ठरते, आणि हेतू साधनाला ठाऊक नसतो. यंत्राने लिहिलेल्या कोडबाबत तर वाचण्याचे महत्त्व वाढते. जे आपण लिहिले नाही त्याची जबाबदारी घ्यायची असेल तर ते निदान समजले पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अटी गुंतागुंतीच्या आहेत कारण शेतीच गुंतागुंतीची आहे. सोपे करायला गेलात तर कोणाचा तरी हक्क कापला जाईल. याचा दाखला दूर नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत पूर्वी कितीतरी वाटा होत्या. स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत दिली तर वैयक्तिक पंचनामा, मंडळातल्या ७५ टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर पेरणीच झाली नाही तर विमा रकमेच्या २५ टक्के, हंगामाच्या मध्यावर अपेक्षित उत्पादन निम्म्याखाली गेले तर आगाऊ रक्कम, कापून पसरलेल्या पिकाला काढणीनंतर १४ दिवसांपर्यंत संरक्षण. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि या वाटाही काढून फक्त पीक कापणी प्रयोगावरची भरपाई ठेवली. अट एकदम सुटसुटीत झाली आणि त्याच हंगामात मराठवाडा पाण्याखाली गेला. तेव्हा अटी कमी करणे आणि अटी स्पष्ट करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. शैलीचे नियम पहिलीबद्दल काहीच सांगत नाहीत, तो निर्णय धोरणाचा. ते दुसरीबद्दल सांगतात, आणि वाटा जितक्या जास्त तितकी त्यांची गरज अधिक. पीक कापणीचेच सूत्र बघा. सात वर्षांतल्या पाच उत्तम वर्षांची सरासरी काढायची, तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन; प्रत्यक्ष उत्पादन त्यापेक्षा जितक्या प्रमाणात कमी, विमा रकमेचा तितका भाग भरपाई. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण एकाखाली एक मांडल्या की लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव आणि घट क्षणात काढणाऱ्या माणसाला त्या जड जाणार नाहीत.

कोणी असेही म्हणेल की चुका अटींच्या नसतातच, माहितीच्या असतात. २०१७ च्या कर्जमाफीत बँकांकडून आलेल्या यादीत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावे निघाली होती. तिथे कंस घालून काय होणार होते? पर्जन्यमापक मंडळात एकाच जागी असतो, ढग दुसऱ्या गावावर फुटतो, त्यालाही कोडचा इलाज नाही. हे मान्य. पण ‘हा आधार क्रमांक आधी आला आहे का’ हीसुद्धा दाराशी तपासायची एक अटच आहे. तीही पहिल्या ओळीत दिसावी किंवा ती नाही हे तरी दिसावे. स्पष्ट कोड अन्यायी नियमाला न्यायी करत नाही. अन्याय नियमात आहे, मोजमापात आहे की टंकलेखनात, एवढे तो दाखवतो, आणि तक्रार कोणाच्या टेबलावर न्यायची हे त्यावर ठरते.

नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि १९८१ पासून चालणारे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र, तंत्रनिकेतन आणि खासगी महाविद्यालयांची रांग. प्रोग्रामिंगच्या पहिल्या धड्यांत ‘जर-नाहीतर’ शिकवायला बहुतेक ठिकाणी तीन संख्यांतली मोठी शोधा किंवा लीप वर्ष ओळखा अशी ठरीव उदाहरणे असतात. त्यांचे उत्तर बरोबर आले की गुण पडतात, वाचता येते का हे कोणी विचारत नाही. त्याऐवजी मुलांना अतिवृष्टीचा शासन निर्णय द्यावा. एकाने तो कोडमध्ये उतरवावा, आणि ज्याने निर्णय वाचलेला नाही अशा दुसऱ्याने केवळ कोड वाचून तो मराठीत परत लिहावा. ६४.९, ६५.० आणि ६५.१ ला काय उत्तर येते, ट्रॅक्टर आणि जीप दोन्ही असलेल्या घराचे काय होते, हे धरून गुण द्यावेत.

नियम आणि कोड असे ताडून पाहण्याला बाहेर नमुनेही आहेत. फ्रान्सच्या करखात्याने आयकर मोजणारा आपला कोड २०१६ मध्ये लोकांसाठी खुला केला. पुढे तिथल्या इन्रिया या संशोधन संस्थेत काताला नावाची प्रोग्रामिंग भाषा तयार झाली. तिच्यात कायद्याचे कलम आणि त्याचा कोड एकाखाली एक लिहितात, जेणेकरून वकील आणि प्रोग्रामर एकाच पानावर बसून ताडू शकतील. आपल्याकडे माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. त्याच्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाने ज्याच्यावर परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणे सांगणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कायदा लिहिला गेला तेव्हा कारण सांगणारा अधिकारी डोळ्यांसमोर होता. आता ते कारण प्रोग्रामच्या ज्या ओळीत ठरते ती ओळ मदतीच्या यादीबरोबर तहसीलच्या फलकावर, मराठीत, लावायला कायद्याची आडकाठी दिसत नाही. त्यासाठी ती ओळ आधी मराठीत सांगता येण्यासारखी लिहिलेली असावी लागेल, आणि निविदा काढतानाच तशी अट घालावी लागेल.